गळ्यातला पट्टा आणि आकाशातला उपग्रह

हॉस्टेलच्या मोतीला आपण सगळेच ओळखतो. मेसच्या पायरीवर झोपणारा, सबमिशनच्या रात्री आपल्याबरोबर जागणारा आणि रेक्टर मॅडम आल्या की सगळ्यांच्या आधी पळणारा. गेल्या जुलैमध्ये तो गळ्यात एक काळा डबा घालून फिरत होता. कोणी म्हणालं बॉम्ब आहे, कोणी म्हणालं मोबाईल. तो आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता! आत जीपीएस मॉड्यूल, सिम कार्ड आणि एक सेल. मोती कुठे आहे ते एसएमएसने आम्हाला कळायचं. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शुद्धलेखन संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही विनंती.)

पहिल्या दिवशी आम्ही दर दहा सेकंदांनी लोकेशन घेतलं. सकाळी लावलेला सेल चहाच्या वेळेआधीच संपला. मग दर अर्ध्या तासाला एकदा घ्यायला लागलो, तेव्हा तो नीट टिकला. मोती रात्री कॉलेजच्या मागच्या गेटने बाहेर जाऊन चिकन सेंटरपाशी बसतो हा शोधही लागला. आम्ही एकदम खूश! रोज लॅपटॉपवर नकाशा बघत होतो. मोतीकडे मात्र कोणी बघत नव्हतं.

सहाव्या दिवशी मेसच्या मावशींनी मला हाक मारली. "काय गं पोरी, मुक्या जनावराच्या गळ्यात डबा बांधलाय नव्हं, आत काय झालंय बघितलं का?" पट्टा सोडला. खालचे केस गेले होते, कातडी पांढरी पडून सोलली होती आणि वास येत होता. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहीत आहे, दोरीवरची जीन्स चार-चार दिवस वाळत नाही. मग ओला पट्टा कसा वाळणार? गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं, औषध लावलं, बरं झालं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आमचे गाइड सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कूनोच्या चित्त्यांचं काय झालं ते वाच." वाचलं. म्हणून हा लेख.

चित्ता कोल्हापूरला नवा नाही. संस्थानाच्या काळात इथे काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपी आणि गळ्यात पट्टा घालून त्यांना गाडीतून माळावर नेत. काळवीट दिसलं की टोपी काढायची, पट्टा सोडायचा. भारतातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा हे चित्ते आफ्रिकेतून आणवले जात. म्हणजे 'आफ्रिकेतून चित्ते आणणे' ही आयडियासुद्धा आपल्याकडे जुनीच! (जाता जाता एक सांगते. चित्ता आणि बिबट्या वेगळे. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बातम्यांमध्ये अजूनही गोंधळ घालतात.) १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. हे कोरिया संस्थान आजच्या छत्तीसगडमधलं. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

त्यानंतर ७० वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ ला, नामिबियाहून ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कूनो राष्ट्रीय उद्यानात आले. १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेहून आणखी १२ आले. सगळ्यांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर.

आता हा कॉलर काम कसा करतो? खूप जणांना वाटतं की उपग्रह वरून प्राण्याला 'बघतो'. तसं अजिबात नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त "मी इथे आहे, आत्ता इतके वाजले" एवढंच सांगत राहतात. खाली कोण ऐकतंय हे त्यांना माहीतच नसतं. कॉलर ते ऐकतो आणि सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा मिळायला हवी, पण कॉलरमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी ३०० मीटरचा फरक पडतो! सेकंड इयरला आपण चार अज्ञात राशींची चार समीकरणं रडत सोडवली, ती ही.

एवढं झालं तरी जागा फक्त कॉलरला कळलेली असते. ती आपल्यापर्यंत पोचवणं हे वेगळं काम आणि त्याला दुसरे, संदेशवहनाचे उपग्रह लागतात. रेंज असेल तिथे मोबाईलचं सिम चालतं. शिवाय बहुतेक कॉलरमध्ये जुन्या पद्धतीचा रेडिओ बीपर असतो. जंगलात माणूस हातात ॲन्टेना धरून फिरतो आणि आवाज कुठून मोठा येतो ते बघतो.

खरी मारामारी बॅटरीची. समजा एका बॅटरीत ६,००० वेळा जागा घेऊन पाठवता येते. दर तासाला घेतली तर २५० दिवस, दर चार तासांनी घेतली तर १,००० दिवस. चित्ता चार तासांत कुठल्या कुठे जातो, मग कमी करून कसं चालेल? बॅटरी मोठी करा, तर पट्टा जड होतो. ४०० ग्रॅमचा कॉलर ५० किलोच्या चित्त्याला एक टक्कासुद्धा नाही, असं कागदावर दिसतं. पण चित्ता पळतो तेव्हा एका सेकंदात तीन-चार झेपा घेतो. प्रत्येक झेपेला तो डबा वर जाऊन गळ्यावर आपटतो. स्टॅटिक लोड आणि डायनॅमिक लोड, मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

यावर एक सुंदर काम झालं आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या ॲलन विल्सन यांच्या गटाने स्वतः कॉलर बनवून बोट्स्वानातल्या ५ रानटी चित्त्यांना घातले. चित्ता आराम करतोय तोवर कॉलरही झोपणार. त्याने धाव घेतली की ॲक्सिलरोमीटरला ते कळणार आणि कॉलर एका सेकंदात अनेक वेळा नोंद घेणार. बॅटरी वाचली आणि ३६७ धावांची नोंद मिळाली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सर्वांत जास्त वेग ताशी ९३ किलोमीटर निघाला, पण बहुतेक शिकारी त्याहून बऱ्याच कमी वेगाने झाल्या. चित्त्याचं खरं कौशल्य झटकन वेग घेण्यात, ब्रेक लावण्यात आणि वळण्यात आहे. आम्हाला हे सुचलं नाही. मोती झोपलेला असतानाही आमचा डबा दर अर्ध्या तासाला सांगत होता की मोती पायरीवरच आहे!

आता कूनो. जुलै २०२३ मध्ये तेजस आणि सूरज हे दोन चित्ते काही दिवसांच्या अंतराने मेले. गळ्याला कॉलरखाली जखमा, जखमांत अळ्या, मग रक्तात जंतुसंसर्ग. ज्या कंपन्यांचे कॉलर आफ्रिकेत वर्षानुवर्षं चालतात, तेच इथे का चालले नाहीत? कारण दक्षिण आफ्रिकेत जून ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. त्या चित्त्यांच्या अंगाला सवय होती, म्हणून इथेही याच महिन्यांत थंडीची दाट लव आली. आणि नेमका तेव्हा आपला पावसाळा. दाट केस, वर ओला पट्टा, खाली माश्या. कॉलरचं सर्किट अगदी बरोबर होतं. कॅलेंडर चुकलं. त्यानंतर चित्त्यांना पकडून तपासलं आणि काहींचे कॉलर काढून टाकले.

म्हणजे कॉलर नकोच का? त्याच दिवसांत निर्वा नावाच्या मादीचा कॉलर बंद पडला. ड्रोन, कुत्री, हत्ती, शंभरावर माणसं लावून तिला सुमारे तीन आठवडे शोधलं. १३ ऑगस्टला ती सापडली, तीही कॉलरने मधेच एकदा जागा कळवली म्हणून. कॉलर नसेल तर जखम झालेली कळणारच नाही, आणि कॉलर असेल तर जखम कॉलरनेच होऊ शकते. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही, सरांकडेही नव्हतं.

तरी मी कॉलरच्या बाजूने आहे, त्याचं कारण आपल्या महाराष्ट्रातला 'आजोबा'. हा एक बिबट्या. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) विहिरीत पडला. शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी त्याला कॉलर लावला आणि त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं. स्वारी तिथे थांबली नाही. रेल्वे, हायवे, खाडी ओलांडत शंभराहून जास्त किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचली. वाटेत कोणाला ओरखडासुद्धा काढला नाही. त्याआधी जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडत, आणि 'जंगलात सोडलं, प्रश्न मिटला' असं सगळे समजत. उलट सोडलेल्या भागांत हल्ले वाढले, असं अत्रेयांच्याच अभ्यासात दिसलं. सोडलेला प्राणी नंतर काय करतो हे कॉलरशिवाय कळलं नसतं. २०११ च्या डिसेंबरमध्ये आजोबा हायवेवर गाडीखाली मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही निघाला.

आणि आता तर गोष्ट आपल्या दारात आली आहे. चांदोलीत, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण आणली. आधी कुंपणाच्या आत ठेवली, मग मोकळी सोडली. गळ्यात कॉलर आहेच. ती इथलीच, त्यामुळे लव चुकीच्या महिन्यात येण्याचा प्रश्न नाही. पण विदर्भाचा पाऊस वेगळा आणि चांदोलीचा वेगळा. तिथे पाऊस लागला की धुकं, जळवा आणि दिवसच्या दिवस ऊन नाही. मी रोज पेपरमध्ये तिची बातमी शोधते.

आमच्या प्रोजेक्टला शेवटी बरे मार्क मिळाले. व्हायवाला बाहेरच्या सरांनी विचारलं, "फ्यूचर स्कोप काय?" ग्रुपमधल्या बाकीच्यांनी सोलर पॅनेल, ॲप वगैरे सांगितलं. मी म्हटलं, पट्ट्याला मध्ये सुती कापडाची एक जोडपट्टी टाकायची. ती पावसात कुजून काही आठवड्यांत तुटते आणि पट्टा आपोआप पडतो. टायमरवर सुटणारे महागडे कॉलरही मिळतात, पण सुती पट्टी दहा रुपयांत होते. सर हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

ज्युनियर्सपैकी कोणाला हा प्रोजेक्ट पुढे न्यायचा असेल तर सर्किट आणि कोड माझ्याकडे आहे, खुशाल मागा. मोती मात्र मिळणार नाही. त्याच्या गळ्यावर आता केस आलेत, पण हातात पट्टा दिसला की तो अजून मावशींच्या मागे जाऊन बसतो.