आधी दारावर, मग फलकावर

डोंबिवलीतली आमची लिफ्ट नसलेली जुनी इमारत पाडून नवी बांधायला हवी, यावर आमच्यात दुमत नव्हतंच. गच्ची गळत होती, जिन्यातल्या तुळईची सळई उघडी पडली होती. तरीही पुनर्विकासाची पहिली सभा आरडाओरड्यात उधळली. कमिटीने बिल्डर मनाशी पक्का करून, त्याचा नकाशा थेट फलकावर लावला आणि मग सभासदांना बोलावलं. "सगळं परस्पर ठरवलंत ना, आता सह्याही परस्परच करा," तळमजल्यावरच्या काकू उभं राहून म्हणाल्या आणि निम्मी सभा त्यांच्या मागे उठली.

नंतर मी आणि शेजारच्या वहिनी घरोघरी गेलो. आम्ही दोघंही कमिटीत नव्हतो, त्यामुळे लोक मोकळे झाले. सभेत काकूंचं भांडण कार्पेट एरियावरून होतं. घरी त्या डब्यांबद्दल बोलल्या. त्यांचं गिऱ्हाईक पोळीभाजी खिडकीतूनच घेऊन जातं. काम चालू असताना भाड्याचं घर वरच्या मजल्यावर मिळालं, तर धंदा बसणार. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सभेत बिल्डरचा ताळेबंद मागितला होता. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, फ्लॅट अजून वडिलांच्याच नावावर आहे, भावांचं जमलेलं नाही. ही गोष्ट चारचौघांत कोण बोलेल?

शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते, दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. पूर्वी तीन चतुर्थांशांची अट होती. अट सैल झाल्यापासून "निम्म्याहून एक जास्त मिळाला की झालं" असं मानणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. मला हे धोक्याचं वाटतं. ठराव मंजूर होतो, पण उरलेले लोक घर रिकामं करायच्या वेळी अडून बसतात आणि प्रकरण कोर्टात जातं.

म्हणून नोटीस काढायच्या आधी घरोघरी जा. बिल्डरचं माहितीपत्रक बरोबर नेऊ नका, ते दिसलं की लोक तुम्हाला दलाल समजतात. "तुमची हरकत नाही ना?" असं विचारलंत तर मान हलेल, कळणार काहीच नाही. "काम सुरू झालं तर तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?" असं विचारा आणि गप्प बसा. घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला वेगळं विचारा. त्यांचं उत्तर कर्त्या माणसापेक्षा पुष्कळदा निराळं असतं. परगावच्या सभासदांना फोन करा. एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात नेऊ नका. तसं एकदा जरी झालं, तरी पुढची सगळी दारं बंद होतात. आणि चहावर मिळालेला होकार ही संमती नव्हे, ती सभेतच नोंदवायची असते.

हे फिरणंही किती दिवस चालवायचं, ते आधी ठरवा. नाहीतर "अजून अंदाज घेतोय" म्हणत वर्ष जातं आणि तोवर स्लॅब पडतो.

आमच्या दुसऱ्या सभेत ठराव मंजूर झाला, काकूंना तळमजल्यावरचंच भाड्याचं घर मिळावं ही अटही त्यात आली. काहींनी विरोधात मत दिलं. सभा संपल्यावर आठवड्याच्या आत अशांच्या घरी सगळ्यात आधी जा.