बाळंतीण आणि तीन विलंब

पुणें–सातारा रस्त्यावर कापूरहोळ म्हणून गांव आहे. तेथून एक फाटा भोरकडे वळतो व दुसरा नारायणपूरमार्गें सासवडकडे जातो. या गांवाचें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत एका मातेमुळें राहिलें आहे. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. बाळंतपणानंतर सईबाईसाहेबांची प्रकृति बिघडली व बाळास दूध पुरेना. तेव्हां कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरांतील धाराऊ हिला बोलावण्यांत आलें आणि तिच्या दुधावर राजपुत्र वाढला. सईबाईसाहेबांची प्रकृति मात्र सुधारली नाहीं. १६५९ सालीं त्यांचें निधन झालें. राजाच्या घरीं द्रव्याची वाण नव्हती, सेवेस माणसें होतीं; पण त्या काळच्या वैद्यकाची धांवच तेवढी होती.

आज वैद्यक पुष्कळ पुढें गेलें आहे. म्हणून आज एखादी बाळंतीण दगावली, तर उपाय ठाऊक नव्हता असें सहसा म्हणतां येत नाहीं. तो तिच्यापर्यंत वेळेवर कां पोंचला नाहीं, हाच प्रश्न उरतो. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम थोडे आंकडे पाहूं. १९९७–९८ च्या सुमारास भारतांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें सुमारें चारशें माता मरत असत. २०१८ ते २०२० या काळांत ही संख्या ९७ वर आली, आणि महाराष्ट्रांत ती ३३ होती. ही प्रगति लहान नव्हे. परंतु ज्या घरची आई गेली, त्या घरास तेहतीस काय नि एक काय, सारखेंच.

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं या मृत्यूंचा विचार करून असें दाखविलें कीं, त्यांच्या मागें बहुधा तीन विलंब असतात. पहिला घरांतील, दुसरा वाटेंतील व तिसरा दवाखान्यांतील.

घरांतील विलंब म्हणजे निर्णयाचा विलंब. "बाळंतपणांत एवढें व्हायचेंच," असें म्हणून वडीलधारीं माणसें थांबतात. कोणी घरधनी शेतावरून येण्याची वाट पाहतो. पण प्रसूतीनंतरचा जबर रक्तस्राव धडधाकट स्त्रीचाही जीव दोन-तीन तासांत घेऊं शकतो. यास्तव कांहीं लक्षणें घरांतील प्रत्येकास पाठ असावीं: रक्त जाणें, झटके येणें, डोकें असह्य दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, तोंडावर व हातांवर सूज, ताप, बाळाची हालचाल मंदावणें, कळा सुरू होऊन बारा तास लोटले तरी सुटका न होणें. यांपैकीं एकही दिसलें कीं विचार करीत बसूं नये, निघावें.

वाटेंतील विलंब आमच्या डोंगरी मुलखास विशेष ठाऊक आहे. कापूरहोळहून पुणें सुमारें चाळीस किलोमीटर, म्हणजे मोटारीनें तास-सव्वा तासाची वाट. पण हिर्डस मावळांतील किंवा वेल्ह्याकडील एखाद्या वाडीहून कापूरहोळपर्यंत येणें हेंच खरें कठीण. भाटघर धरणाचें पाणी पसरलेलें असल्यामुळें समोर दिसणाऱ्या गांवासही वळसा घालून जावें लागतें. पावसाळ्यांत दरडींमुळें वरंधा घाट अनेकदां बंद ठेवावा लागतो. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, व तिला पैसे पडत नाहींत. परंतु गाडी जेथपर्यंत येऊं शकते, तेथपर्यंत रोग्यास कोण व कशावर आणणार, हें आधींच ठरलेलें असावें.

तिसरा विलंब दवाखान्याच्या दारांतला. लहान दवाखान्यांत शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नसतो, किंवा रक्त नसतें. मग तेथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे अशी धांवाधांव होते. शहर जवळ असूनही घटका वाया जातात. म्हणून शस्त्रक्रिया व रक्त कोठें मिळतें याची चौकशी आठव्या महिन्याच्या आंतच करावी. पुढें पाठविलें तर चिठ्ठी मागून घ्यावी, व तेथें आधीं दूरध्वनि करण्यास सांगावें.

सोय जवळ असावी हा विचार नवा नाहीं. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपल्या अहवालांत सांगितलें कीं, पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारास मुकूं नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रें त्याच विचाराचें फळ होत. डोंगरी भागांत ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र व २०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र असावें, असा नियम आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त व जाण्यायेण्याचें वाहन विनामूल्य देण्याची योजना आहे. हें दान नव्हे, हक्क आहे. तो ठाऊक नसेल तर असून नसल्यासारखा.

आणि सर्वांत जवळची सोय म्हणजे शिकविलेलें माणूस. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजातांचे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी झाल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. आज आशा सेविका बाळंतिणीच्या घरीं पहिल्या सहा आठवड्यांत अनेक वेळां येते, ती याच शिकवणीच्या आधारें. तिला दारांतून परत पाठवूं नये.

आपल्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. ती गोड आहे. पण लेक माहेरीं जातांना तिचें तपासणीचें कार्ड सासरींच राहिलें, तर नव्या ठिकाणच्या डॉक्टरास मागचें कांहींच कळत नाहीं. ओटी भरतांना कार्ड बरोबर दिलें आहे ना, एवढें अवश्य पाहावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरांत वाचतां येणारे तुम्हीच पहिले असाल. तेव्हां आज घरीं गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर आशा सेविकेचा व उपकेंद्राचा क्रमांक, १०८, गाडी असलेल्या शेजाऱ्याचें नांव, आणि रक्त देण्यास तयार असलेल्या दोघांचीं नांवें लिहून तो भिंतीवर लावा. वडील माणसांनीं त्यास हरकत घेऊं नये. तिन्ही विलंब एका कागदानें नाहींसे होणार नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु पहिला तरी आपल्याच हातांतला आहे, आणि तो टळला तर उरलेल्या दोहोंशीं झुंजण्यास वेळ हातीं राहतो.