फोटोंचे ओझे हलके करा

सीना नदी करमाळा तालुक्यातून वाहते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत नदीकाठच्या रानात पाणी शिरले. उभी पिके गेली.

अशा वेळी आपण मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढतो. पंचनामा सरकारी माणसे करतात. तरी फोटो आपल्याजवळ असावेत. ते ईमेलने पाठवायचे झाले, तर एक अडचण येते. ती आबा आणि त्यांची नात यांच्या बोलण्यातून समजून घेऊ.

आबा : पोरी, चाळीस फोटो काढलेत. एकदम जात न्हाईत व्हय?

नात : नाही आबा. मोबाईलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा. एमबी हे फोटोचे वजन समजा. ४० फोटोंचे १६० एमबी झाले. जीमेलच्या एका पत्राला २५ एमबीपर्यंतच फोटो जोडता येतात.

आबा : मग एकेक पाठवत बसायचं? दिस जाईल की सारा!

नात : सगळे एकदम लहान करू. फोटो बारीक ठिपक्यांचा असतो. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असले, तर एकूण १ कोटी २० लाख होतात. दोन्ही बाजू निम्म्या केल्या, तर ३० लाखच राहतात.

आबा : रानावाणीच झालं की! लांबी-रुंदी निम्मी केली, तर रान चौथाईच उरतं.

आता हे काम कसे करायचे ते पाहू. संगणकात विंडोज असेल, तर मायक्रोसॉफ्टचे 'पॉवरटॉईज' फुकट मिळते. जाणत्या माणसाकडून ते बसवून घ्यावे. त्यातच 'इमेज रिसायझर' असते.

१. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.
२. फोल्डर उघडा. 'कंट्रोल' बटण दाबून धरा आणि 'ए' दाबा. सगळे फोटो निवडले जातात.
३. एका फोटोवर माउसचे उजवे बटण दाबा. यादीतून 'इमेज रिसायझर' घ्या.
४. 'मीडियम' हे माप निवडा. मग 'रिसाइझ' दाबा.

थोड्या वेळात ४० लहान प्रती तयार होतात. १००० केबी म्हणजे सुमारे १ एमबी. एकेक प्रत ३०० केबीची धरली, तरी सगळ्या मिळून १२ एमबी होतात. एका पत्रात जातात.

आबा : मग मोठे फोटो पुसून टाकू?

नात : नका, आबा! गेलेले ठिपके परत येत नाहीत. बांधाचा दगड, पाण्याची खूण जवळून बघायची झाली, तर मोठाच फोटो लागतो.

म्हणून ध्यानात ठेवा. मूळ फोटोच लहान करण्याची एक चौकट तिथे असते. तिच्यावर खूण करू नका. प्रत पाठवावी, मूळ जपावे.

सांगा पाहू :
१. बाजू निम्म्या केल्या, तर ठिपके किती उरतात?
२. एक फोटो ५ एमबीचा आहे. असे १० फोटो एका पत्रात जातील का?
३. मूळ फोटो का जपावा?