टॉम क्रूझसारखा चष्मा, पण नंबराचा

प्रश्न : ‘टॉप गन’मधला टॉम क्रूझचा गॉगल मला फार आवडतो. तशा फ्रेममध्ये नंबराचा चष्मा करता येईल का? माझा नंबर मायनस ५ आहे.

उत्तर : १९८६च्या त्या सिनेमातली एव्हिएटर फ्रेम मुळात वैमानिकांसाठी घडवलेली. कुठूनही ऊन डोळ्यांत शिरू नये म्हणून तिची काच मोठी. तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. मायनस नंबराची काच कडेला जाड होत जाते. फ्रेम जितकी मोठी, तितकी कड जाड आणि नाकावर भार. त्यापेक्षा टॉम क्रूझचाच ‘रिस्की बिझनेस’ (१९८३) पाहा. त्यातली वेफेअरर फ्रेम घ्या, मात्र लहान मापाची. तिची रुंद कड काचेची जाडी छान झाकते. काच हाय इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबराला पातळ राहणारी, सांगा. एव्हिएटरच हवी असेल, तर डॉक्टरांना विचारून कॉन्टॅक्ट लेन्स लावा आणि वर बिननंबरी गॉगल घाला.