माहितीची प्रत व तिची स्वतंत्र वाट

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला. त्या पुलापाशीं कृष्णेचें पाणी ४५ फुटांवर गेलें म्हणजे धोक्याची पातळी आली असें मानितात. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत तें ५७ फुटांच्याही वर चढलें, आणि नगर वाचनालयांतील हजारों ग्रंथ भिजून नष्ट झाले. ज्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठें होती, तो पुन्हा मिळूं शकतो. जिची नव्हती ती विद्या कायमची गेली.

हल्लीं शाळांचीं हजेरीपत्रकें व दाखल्यांच्या नोंदी जाळ्यावरील साठवण-यंत्रांत ठेवूं लागले आहेत. अनेक संगणक परस्परांस जोडले म्हणजे त्यांस जाळें म्हणावयाचें; साठवण-यंत्र हें त्या सर्वांचें सामाइक कपाट होय. परंतु हें कपाटही पुरांत बुडतें. तेव्हां त्यांतील माहितीची प्रत काढणें अवश्य आहे. ती कोणत्या वाटेनें न्यावी, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम गणित पाहूं. समजा, सांगलीच्या एका शाळेंत २ टेराबाइट माहिती आहे. गिगाबिट तार सेकंदास फार तर १२५ मेगाबाइट वाहून नेते. व्यवहारांत आपण १०० धरूं. मग २० लक्ष मेगाबाइटांस २०,००० सेकंद, म्हणजे साडेपांच तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. नित्याच्या कामाची तारच इतका वेळ अडविली, तर बाजाराच्या दिवशीं अरुंद गल्लींत हळदीच्या गाड्या घातल्यासारखें होऊन सर्वांचाच खोळंबा होईल.

यावर उपाय असा : साठवण-यंत्रास बहुधा दोन पोर्ट, म्हणजे तार जोडण्याचीं दोन द्वारें असतात. पहिलें नित्याच्या कामास द्यावें व त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ ठेवावा. दुसरें केवळ प्रतीसाठीं राखून त्यास १९२.१६८.२०.५ हा पत्ता द्यावा. वरच्या मजल्यावरील प्रत-यंत्राचा पत्ता १९२.१६८.२०.६ असावा. सर्वत्र सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेविला म्हणजे १० व २० हीं दोन निरनिराळीं गांवें होतात. दोन्ही द्वारें एकाच गांवांत ठेविलीं, तर यंत्र उत्तर कोणत्याही द्वारानें धाडील, आणि दुसरी तार असून नसल्यासारखी होईल.

आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. परगांवीं जाण्याची वेस, म्हणजे गेटवे, साठवण-यंत्राच्या पहिल्याच द्वारास द्यावी. दोन वेशी दिल्यास घोटाळा होतो. प्रत काढणाऱ्या कार्यक्रमास यंत्राचें केवळ नांव न सांगतां दुसऱ्या द्वाराचा पत्ता सांगावा. नाहीं तर नांवावरून तो जुन्याच वाटेनें जाण्याचा संभव असतो. पुडक्याचा आकार १५०० वरून ९००० बाइट करावयाचा असल्यास दोन्ही यंत्रें व मधला स्विच यांत तो सारखाच करावा. एक ठिकाण विसरलें, तर लहान फायली जातात व मोठ्या अडकतात.

तथापि वरचा मजलाही त्याच इमारतींत आहे. म्हणून दुसरी प्रत साताऱ्यास असावी. साताराही संकटमुक्त नाहीं. त्याच जिल्ह्यांत कोयनानगरास ११ डिसेंबर १९६७ रोजीं भूकंप झाला. परंतु पूर व भूकंप दोन्ही गांवीं एकाच दिवशीं येण्याचा संभव अल्प आहे. प्रत-यंत्राच्या दुसऱ्या द्वारास २० मेगाबिटांची बाहेरची तार जोडली, तर सेकंदास अडीच मेगाबाइट जातील. सबंध २ टेराबाइटांस नऊ दिवसांहून अधिक लागतील! म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन एस्. टी. नें न्यावी हें उत्तम. पुढें रोज बदललेली २० गिगाबाइट माहिती सव्वादोन तासांच्या आंत रात्रींच पोंचेल. वाटेंत ती कोणी वाचूं नये म्हणून सांकेतिक लिपींत बांधून पाठवावी.

शेवटीं, प्रत ठेविली एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. दर महिन्यास एखादी नोंद साताऱ्याहून परत मागवून उघडून पाहावी. जी प्रत परत वाचतां येत नाहीं, ती प्रतच नव्हे. हें सर्व काम कृष्णा पात्रांत असतांनाच करावयाचें असतें. पाणी पायरीशीं आल्यावर तार जोडावयास सवड मिळत नाहीं.