आपली मुले आणि पाचवीचा कोरा कागद





ज्या घराने नुकताच धम्म स्वीकारला आहे, त्या घरात पहिले मूल जन्माला आले की त्या घराची खरी परीक्षा सुरू होते. देव्हाऱ्यातले टाक उचलून ठेवणे तुलनेने सोपे असते. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावणे त्याहून सोपे. परंतु बाळंतपणाला पाच दिवस झाले, घरात मिणमिणता दिवा आहे, कोपऱ्यात बाळंतीण निजली आहे आणि घरातले जुने माणूस हलक्या आवाजात विचारते, "पाचवी पुजायची ना?" तेव्हा तुम्ही काय उत्तर देता? आज आपण या प्रश्नाचा विचार करू.

मी तीर्थपुरीचा, घनसावंगी तालुक्यातला एक शाळामास्तर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणून पुस्तकी उपदेश करण्याचा मोह मला होतो, हे कबूल करतो. पण हा प्रश्न माझ्या घरात आला तेव्हा पुस्तक हातात असूनही माझी जीभ अडखळली. माझी मुलगी जन्मली त्याच्या चौथ्या दिवशी माय म्हणाली, "लेका, तू शिकला हे लई बरं झालं. पण तुझ्या आधी माझी दोन लेकरं गेली. दोन्ही आठ दिवसांच्या आत. सटवीनं नेली. आता या लेकराच्या बाबतीत मला शिकवू नको."

जिने दोन लेकरे मातीत घातली, तिला "ही अंधश्रद्धा आहे" एवढे म्हणून कसे भागेल?

पाचवीची रात्र

पाचवीला आपल्याकडे काय करीत, हे तुम्हाला सांगायला नको. पाटा-वरवंटा मांडायचा, हळद-कुंकू वाहायचे, दिवा लावायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. ती कोपली तर लेकरू नेते. पुढे जावळाच्या वेळी तिला बोकड द्यायचा. बोकडासाठी पैसा नसला तर सावकाराकडून काढायचा किंवा मुकादमाकडून उचल घ्यायची. लेकराचे नशीब लिहिले जाण्याआधीच बापाच्या नावावर कर्ज लिहिले जाई!

आता विचार करा. ही भीती नेमकी पाचव्या-सहाव्या रात्रीचीच का?

बाळाची नाळ गंजक्या पात्याने, विळ्याने किंवा दगडाने कापली आणि तिच्यावर शेण, राख किंवा माती लावली, तर धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात जातात. हे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. त्यांचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. पहिले दोन दिवस लेकरू चांगले अंगावर पिते. तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात, एकाएकी त्याचे पिणे बंद होते. जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे मागे वाकते, झटके येतात. पूर्वी अशी मुले क्वचितच वाचत.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्या दिवसांत लेकरे खरोखरच दगावत होती. कारण मात्र चुकीचे सांगितले गेले, आणि चुकीच्या कारणावर केलेला उपाय कितीही श्रद्धेने केला तरी लागू पडत नाही. पाट्याची पूजा होत राहिली आणि शेण नाळेवर लागत राहिले.

मी मायला विचारले, "ती दोन लेकरं दूध पीत होती का?" ती म्हणाली, "पहिले दोन-तीन दिस चांगली पीत होती. मग तोंडच उघडंना." "नाळ कशानं कापली होती?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घरातल्या विळ्यानं."

मी तिला एवढेच म्हणालो, "माय, तुझी चूक नव्हती. तुला कोणी सांगितलंच नव्हतं." बंधूंनो, सटवाईच्या समजुतीचे सर्वांत मोठे क्रौर्य हेच आहे. लेकरू गेले की आई आयुष्यभर स्वतःलाच दोष देते, की आपल्याच पूजेत काही उणे राहिले. खरे कारण कळल्यावर माय त्या दिवशी रडली. मात्र त्या रात्री तिने पाटा मांडला नाही.

गरोदर मातेला लस आणि स्वच्छ बाळंतपण, या दोन साध्या गोष्टींनी हा रोग हटला. नवजात बालकांचा आणि मातांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक प्रश्न म्हणून दूर झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जंतू मात्र मातीत आजही आहेत. म्हणून काळजी सोडून चालणार नाही.

देवीच्या रोगाचेही असेच झाले. रोगालाच आपण 'देवी' म्हणत होतो, म्हणून औषधाऐवजी कौल लावीत होतो. लस टोचली गेली आणि १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. देवीची यात्रा बंद झाली म्हणून ती कोपून परत आली नाही.

भगवान बुद्ध काय सांगतात?

कोणी म्हणेल, "सटवाई नसेल, पण पूर्वकर्म तरी आहेच ना? लेकराचे दुखणे हे त्याच्या मागल्या जन्माचे फळ." असाच प्रश्न मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारला होता. माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते का? भगवंतांनी हे मत चुकीचे ठरविले. पित्त, कफ, वात, ऋतूंचा बदल, अपघात अशी दुखण्याची अनेक कारणे असतात आणि ती माणसाला स्वतःला दिसतात, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर आजची दशा लादणारी समजूत नाकारली आहे. तेव्हा कपाळावरचे लेखन असो की पूर्वजन्मीचे, आजारी लेकराला दवाखान्यात नेण्याआधी ते वाचीत बसू नये.

आपल्या जुन्या कथांतही लेकरे नेणारी एक यक्षिणी आहे, हारिती. तिला पाचशे मुले होती आणि ती राजगृहातली इतरांची मुले पळवून खाई. भगवंतांनी तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि शेवटी भगवंतांकडे आली. ते म्हणाले, पाचशेतले एक हरवले तर तुझी ही दशा. ज्यांना एक-दोनच मुले आहेत त्या आयांचे काय होत असेल? हारितीचे डोळे उघडले आणि ती मुलांची राखणदार झाली.

ही हारिती आपल्यापासून फार दूर नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ती पांचिकाबरोबर मांडीवर मूल घेऊन बसलेली आहे. सहल नेलीत तर मूर्तीच्या खालचा पट्टा मुलांना जरूर दाखवा. तिथे शाळा कोरली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुले अभ्यास करताहेत आणि मागची खेळात दंग आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीचा तो वर्ग पाहून मला माझाच वर्ग आठवला! लेकरे खाणाऱ्या यक्षिणीच्या कथेखाली शिल्पकाराने शाळा कोरावी, यात आपण घ्यावा असा अर्थ आहे.

एक इशारा मात्र देतो. सटवाई काढून तिच्या जागी हारिती बसवू नका. कथेचा बोध घ्यावा, नवस बोलू नये.

घरात पाळावयाच्या गोष्टी

१. गरोदर मातेची नोंद लवकर करावी. धनुर्वात-घटसर्पाची लस घ्यावी आणि बाळंतपण दवाखान्यातच करावे.

२. नाळेवर शेण, राख, हळद, तेल काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी.

३. बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिला चीक पिळून टाकू नये; रोगाशी लढण्याची ताकद त्यात असते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, गुळाचे पाणी, घुटी काही देऊ नये.

४. जुलाब झाले तर अंगावर पाजणे थांबवू नये. क्षारसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

५. पोट फुगले, धाप लागली म्हणून लेकराच्या पोटावर डाग देऊ नये. तो उपचार नव्हे, जखम आहे.

६. जन्मताच द्यायच्या लसी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची आणि त्यापुढच्याही सर्व लसी अंगणवाडीताई किंवा आशाताई सांगतील त्या दिवशी टोचून घ्याव्यात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.

कायदा लेकराच्या बाजूला आहे

यशवंतरावांखेरीज बाबासाहेबांची आणि माता रमाईंची चार मुले, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. असे दुःख सोसलेल्या पित्याने १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांना बाळंतपणात सवलत देणाऱ्या बिलाला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. म्हणून कायदा हा वकिलांचा विषय आहे असे समजून आपण दूर राहू नये.

पहिली गोष्ट, जन्माची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ती २१ दिवसांच्या आत करावी. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नाव मागाहून घालता येते. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून आहे, ती मास्तरांनी अंदाजाने लिहिली म्हणून! आपल्या मुलांचे तसे होऊ देऊ नका.

दुसरी, शाळा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींस मनाई आहे. ऊसतोडीला जाताना मुलाला बरोबर न्यावेच लागले, तर जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला घाला.

तिसरी, लग्न. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणे हा गुन्हा आहे. नवरा-बायकोचा कोयता लागतो म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुली उभ्या केल्या जातात. लग्न बौद्ध पद्धतीने लावले, त्रिसरण-पंचशील घेतले, म्हणून ते योग्य ठरत नाही. असे लग्न ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवा. फोन फुकट आहे.

आणि धर्म 'बौद्ध' लिहिला तर सवलती जातील ही भीती मनात असेल, तर ती काढून टाका. अनुसूचित जातीच्या माणसाचा तो दर्जा बौद्ध झाल्याने जात नाही, हे केंद्राने १९९० साली कायद्यानेच मान्य केले.

मूल कोणाचे?

महोसधाची जातककथा मुलांना जरूर सांगा. एका मुलासाठी आई आणि मानवी रूप घेतलेली यक्षिणी भांडत होत्या. महोसधाने जमिनीवर रेघ ओढली, मुलाला मधे ठेवले आणि दोघींना ओढायला सांगितले. मूल रडू लागताच एकीने हात सोडले. तीच आई ठरली.

आज आपल्या मुलांनाही दोन बाजूंनी ओढ आहे. एका हाताला फड, उचल, लवकरचे लग्न; दुसऱ्या हाताला शाळा. गरिबी मुलाला ओढते तेव्हा ते रडते, पण आपल्याला ऐकू येत नाही. सिगालाला उपदेश करताना भगवंतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली: मुलांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-कला शिकवावी, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा. विद्या आधी आणि लग्न नंतर, हा क्रम ध्यानात ठेवा.

आमच्या घरी पाचव्या रात्री काय झाले, ते सांगून हा पाठ संपवितो. आम्ही दिवा लावला, कारण तान्ह्या लेकराच्या खोलीत उजेड हवा. त्रिसरण-पंचशील म्हटले. मग मायने आपणहून कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "लिही आता तूच." मी जन्मनोंदीसाठी लागणारा मजकूर लिहिला: मुलीची जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, आईचे नाव, बापाचे नाव. मायने आपल्या गेलेल्या दोन लेकरांची नावे विचारात घेतली, पण त्यांना नावे ठेवलीच गेली नव्हती. मग तिने नातीला नाव सुचविले आणि मी ते कागदावर लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद खिशात घालून मी नोंदीला गेलो.

तुमच्या घरी पाचवी येईल तेव्हा कागद आणि लेखणी जरूर ठेवा. लिहायचे मात्र आपण.

भवतु सब्ब मंगलम्.