‘परमिशन डिनाइड’ म्हणजे नक्की काय?

आमचा पायथनमधला प्रोग्रॅम हिशेबाचे आकडे घेऊन एक्सेलचा अहवाल काढतो. आम्ही तो लिहितो लिनक्सवर, वापरणारे बहुतेक विंडोजवर. एका ग्राहकाकडे तो ‘परमिशन डिनाइड’ म्हणून अडून बसला. त्यांच्या आयटीवाल्यांनी फोल्डरच्या परवानग्या सताड उघडल्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन चालवून पाहिलं, तरी ढिम्म. कालचा अहवाल एक्सेलमध्ये उघडा होता, एवढंच!

विंडोजला हे कारण ठाऊक असतं. फाइल दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ते ३२ क्रमांक देतं, परवानगी नसेल तर ५. मधली सी लायब्ररी मात्र दोन्हींचा १३, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’, करून टाकते आणि पायथनचं ‘ओपन’ त्याच वाटेने जातं. फाइलच्या जागी फोल्डर दिलं तर लिनक्स २१ देऊन ‘हे फोल्डर आहे’ असं सरळ सांगतं. विंडोजवर तिथेही १३च.

म्हणून सिस्टिमचा मजकूर जसाच्या तसा ग्राहकापुढे टाकू नका, आणि टेस्टमध्ये तर तो मुळीच जुळवू नका. विंडोजचे स्वतःचे संदेश मशीनच्या भाषेप्रमाणे बदलतात. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फाइल नाही’, ‘परवानगी नाही’, ‘हे फोल्डर आहे’ यांचे एक्सेप्शन वेगवेगळे आहेत. ते पकडा आणि वाक्य आपलं लिहा. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत द्या, म्हणजे नावाच्या टोकाला चिकटलेली स्पेसही दिसते. मूळ क्रमांक शेवटी राहू द्या. फोनवर तोच कामाला येतो.

विंडोजवर फोल्डरलाही १३च येतो, म्हणून पत्ता फोल्डरचा आहे का, हे उघडणं फसल्यावर तपासा. आधी तपासून उपयोग नाही, कारण तपासणं आणि उघडणं यांच्यामध्ये कुणीही फाइल हलवू शकतं.

सगळीकडे एकच वाक्य हवं, हा हट्ट मात्र मला पटत नाही. विंडोजवर आम्ही ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल किंवा परवानगी नसेल’ असं म्हणतो. लिनक्सवर उघडी फाइल सहसा अडवत नाही, तिथे पहिली शक्यता सांगणं म्हणजे माणसाला भलतीकडे धाडणं. मॅकवर कॅटालिनापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससाठी वापरणाऱ्याची संमती लागते. ती नसली की क्रमांक १ येतो. तिथे आमचं वाक्य थेट प्रायव्हसी सेटिंगकडे बोट दाखवतं.